ऐंशी चवल्या

शाहूपुरी, कोल्हापूर
१२ ऑगस्ट २००१

दीक्षा,

माझं अक्षर ओळखून तू पाकीट न उघडताच फाडशील, म्हणून पत्ता कॉलेजच्या शिपायाकडून लिहून घेतलाय. आता उघडलंच आहेस तर पानभर वाच. मग काय करायचं ते कर.

चवलीचा आकडा सापडला.

माझ्या प्रबंधाच्या शेवटी एक तक्ता होता. हातवळे जहागिरीच्या टांकसाळीत कुठल्या साली किती नाणी पाडली, त्याचा. रुपये, अधेल्या, पावल्या, सगळ्यांचे आकडे मिळाले होते. फक्त दोन आण्यांच्या चवलीसमोर आडवी रेघ होती. टांकसाळीनं पाडलेलं चांदीचं सगळ्यात लहान नाणं ते, आणि नेमका त्याचाच पत्ता नाही. परीक्षकांनी त्या रेघेवर बोट ठेवून विचारलं होतं, "हे कधी भरणार?" अकरा वर्षं मी ती रेघ घेऊन फिरत होते.

गेल्या रविवारी पन्हाळ्याला गेले होते. तिथं गणपतराव म्हणून एक गृहस्थ आहेत, ऐंशीच्या घरातले. त्यांचे पूर्वज हातवळेच्या टांकसाळीत कारकून होते. माळ्यावर कागदांचे तीन रुमाल बांधून ठेवलेले. दुसऱ्या रुमालात एक लांब कागद निघाला. मोडीतल्या चार ओळी. तुला तशाच्या तशा उतरवून देते:

'चवली नवी. चांदी तोळे दहा. नग ऐंशी. पैकी लग्नकार्यी वाटणी सोळा, बाकी जामदारखाना. पुढे ठसा मोडिला.'

ठसा मोडला. म्हणजे ऐंशीच्या पुढं एकही चवली पडली नाही. त्यातल्या सोळा लग्नात वाटल्या. चौसष्ट जामदारखान्यात, म्हणजे जहागिरीच्या खजिन्यात, उरल्या आणि तिथून संग्रहालयात आल्या. आपल्या भांडारातल्या पिशवीत १९९५ च्या तपासणीत किती निघाल्या? चौसष्ट. आणि त्याआधी मी संग्रहालयासाठी केलेल्या यादीत किती होत्या? शहाण्णव.

ज्या बत्तीस चवल्या तू चोरल्यास म्हणून तुझी संग्रहालयातली नोकरी गेली, ज्यांची केस सहा वर्षं चालली आहे, त्या कधी जन्मालाच आल्या नव्हत्या ग.

माझ्या यादीत शहाण्णव कसे आले ते सांगता येत नाही. जुन्या यादीतच चूक असेल, किंवा टाईप करणाऱ्याची. त्या यादीवर माझी सही होती, ताबा घेतल्याची तुझीही होती. चूक दोघींच्याही नजरेतून सुटली असं म्हणायचं.

गणपतरावांच्या सोप्यात मी तोच कागद चार-चारदा वाचत सुटले. ते म्हणाले, "काय झालं बाई? पाणी आणू काय?"

कळव. दोन ओळी तरी कळव.

तुझी संयू


शाहूपुरी
२ सप्टेंबर २००१

दीक्षा,

तीन आठवडे झाले. पत्र पोचलं हे मला माहीत आहे, पोचपावती आली आहे. सही तुझीच आहे.

माझ्या मनात एक मार्ग आलाय. पन्हाळ्याच्या कागदाची नक्कल मी करून ठेवलीय. ती मी तुझ्या वकिलांच्या पत्त्यावर पाठवते, पाठवणाऱ्याचं नाव न घालता. त्यांनी ती कोर्टात दाखवावी. कुणा अभ्यासकाकडून मिळाली म्हणावं. आकडाच बोलेल. तू सुटशील आणि कुणाचंच काही जाणार नाही.

तू म्हणशील, कुणाचं काय जायचंय? खरं सांगते. ९८ साली मी सरकारी साक्षीदार म्हणून शपथेवर सांगितलं की मी चवल्या स्वतः मोजल्या होत्या. आता मीच उलटं बोलले तर काय होईल ते तुला कळतं. मामंजी संग्रहालयाच्या ट्रस्टचे अध्यक्ष. फिर्याद त्यांच्या सहीची. हंबीररावांच्या सुनेनं हंबीररावांनाच खोटं पाडलं, अशी शाहूपुरीभर चर्चा होईल. अमरसिंहांना वडिलांसमोर मान वर करून बोलायची सवय नाही. कॉलेजात यंदा माझं प्राचार्यपदासाठी नाव गेलंय.

मी स्वार्थी आहे असं वाटेल. पण निकाल तर तोच लागणार ना? मग वाट कुठली का असेना.

पुढची तारीख २३ नोव्हेंबरची आहे असं कळलं. त्यानंतर फक्त निकाल. दीक्षा, वेळ नाही. होय म्हण. पोस्टकार्डावर नुसतं 'होय' लिही.

संयू


शाहूपुरी
२१ सप्टेंबर २००१

दीक्षा,

तुझं कार्ड आलं. उघडं कार्ड, त्यामुळं आधी पोस्टमननं, मग मोलकरणीनं, मग अमरसिंहांनी वाचलं. तुझी तीच इच्छा असणार.

'जुनी याद कुठं हाय?'

एवढंच. ना नाव, ना तारीख.

दोन दिवस मी कॉलेजला गेले नाही. आता लिहिते, एका दमात.

जुनी यादी माझ्या कपाटात आहे. साड्यांच्या खाली. ९० साली प्रबंधासाठी घरी आणली आणि परत केली नाही. कोर्टात तुझ्या वकिलांनी विचारलं, "मूळ यादी कुठं आहे?" मी म्हणाले, "मला कल्पना नाही." तू समोरच्या बाकावर होतीस. तू माझ्याकडं बघितलंस आणि मी न्यायाधीशांच्या पाठीमागच्या भिंतीकडं.

आणि आपण नवी यादी केली तो दिवस. तुला आठवतोच, नाहीतर कार्डावर तू दुसरं काहीतरी लिहिलं असतंस. भांडारातल्या लाकडी टेबलावर आपण दोघी. मी जुन्या यादीवरून नवी उतरवत होते. तू माझ्या खांद्यावरून वाकून बघितलंस. आपण दोघी एकाच वर्गात मोडी शिकलो, पण तुझी नजर माझ्यापेक्षा चांगली, हे सर नेहमी म्हणायचे. मला ते आवडायचं नाही, हेही आज लिहून टाकते.

तू म्हणालीस, "संयू, हितं शहाण्णवच्या पुढं 'मा' लिवलंय. कशाचा मा?"

मी म्हणाले, "मालाचा. माल शहाण्णव."

"मला न्हाय तसं वाटत. थांब, मी मोजतो की. पिशवी उघडायला कितीसा वेळ?"

"सील परत कोण लावणार? मामंजींना यादी पाचच्या आत हवीय."

"पर तू मोजल्यास न्हवं?"

"मोजल्यात की."

आणि तू सही केलीस. मी मोजल्या असं मी म्हटलं म्हणून.

तो 'मा' माशाचा होता. मासा, तोळ्याचा बारावा भाग. शहाण्णव मासे म्हणजे आठ तोळे. एक चवली दीड माशाची. करून बघ, चौसष्ट येतात. जुन्या कारकुनानं पिशवीचं वजन लिहिलं होतं, मी ते नग म्हणून उतरवलं. तुला तेव्हाच दिसलं होतं. मी भांडाराची पिशवी कधी उघडलीच नव्हती.

९५ साली चौसष्टच निघाल्या म्हटल्यावर मला कळलं का? नाही, असं मी स्वतःला सांगत आले. संशय आला होता. त्याच आठवड्यात कपाट उघडून यादी बघितली होती. 'मा'वर बोट ठेवलं, आणि कपाट बंद केलं.

आता तुला सगळं ठाऊक झालं. यादी मी कोर्टात देईन. माझ्या नावानं देईन. एवढं तरी मान.

संयोगिता


शाहूपुरी
१६ ऑक्टोबर २००१

दीक्षा,

यादी गेली.

कार्ड वाचल्यापासून घरात कुणी माझ्याशी नीट बोलत नव्हतं. काल कॉलेजातून आले तर कपाट सताड उघडं, साड्या पलंगावर. खाली सोप्यात मामंजी पेपर वाचत बसलेले. मी विचारलं. त्यांनी पेपर खाली केला नाही.

"कसली यादी? संग्रहालयाची हुती न्हवं? मग संग्रहालयाच्या माणसानं नेली."

"मामंजी, त्या पोरीनं काही घेतलं नव्हतं. चूक माझी होती."

"सूनबाई, सहा वर्सं झाली. त्या पोरीची सवय झालीया लोकास्नी. तुमची न्हाय व्हायची."

"मी कोर्टात सांगणार आहे."

तेव्हा पेपर खाली आला. "सांगा की. कागूद कुठाय म्हणून इचारतील. काय दावणार?"

अमरसिंह दारात उभे होते. त्यांनी ते दार हळूच लावून घेतलं, बाहेरून.

आज सकाळी तुझ्या वकिलांकडं गेले. त्यांनी बसा म्हटलं नाही. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मॅडम, साक्षीदाराला परत बोलवायचा अर्ज मला करता येतो. पण दीक्षाताईंनी सही करायला पाहिजे आणि त्या नको म्हणतात."

मी म्हणाले, "का?"

"त्या म्हणाल्या, त्या बाईला पुन्हा पिंजऱ्यात उभं करू नका. ती आणखी काय बोलंल, काय भरवसा?"



तिथून थेट पन्हाळ्याची गाडी पकडली. आता गणपतरावांचा कागद तेवढा उरला होता. नक्कल चालणार नाही, अस्सल कागद पाहिजे, असं वकील म्हणाले होते. मी गणपतरावांना काही लपवून ठेवलं नाही. खोटी साक्षही सांगितली.

"कागूद घरातनं भाईर जायाचा न्हाय," म्हणाले.

मी पाया पडले. खरंच पडले. लहान मुलासारखी रडत होते.

"उठा. ऐकून तरी घ्या की. कागूद एकटा जायाचा न्हाय म्हंतोय मी. कागदासंगं मी येतो. तारीक कदी हाय?"

दीक्षा, सही कर. माझ्यावर भरवसा ठेव असं म्हणायचा हक्क मला नाही. त्या म्हाताऱ्यावर ठेव. ते खोटं बोलणारे नाहीत. अडतीस दिवस राहिलेत. उद्यापासून मी वकिलांकडं रोज जाऊन विचारणार आहे.

तू दोषी ठरलीस तर मी कशी जगू हे मी विचारत नाही. तू कशी जगशील?

संयोगिता


राजारामपुरी, कोल्हापूर
१९ नोव्हेंबर २००१

दीक्षा,

वकील म्हणाले, गणपतराव स्वतः येणार म्हटल्यावर सही झाली.

पत्ता बदललाय. नोकरी करणाऱ्या बायकांच्या वसतिगृहात आहे. एक कॉट, एक टेबल. घरातून कुणी हाकललं नाही. मी बॅग भरली आणि कुणी थांब म्हणालं नाही.

शुक्रवारी मी काय सांगणार ते लिहून काढलंय. वाचते, फाडते, परत लिहिते. वाक्य अर्ध्यावर तुटतं. मागच्या वेळी खोटं किती सहज बोलले होते.

सं.


राजारामपुरी
२० डिसेंबर २००१

दीक्षा,

परवा निकालानंतर तू मला जे सांगितलंस ते ऐकून मी कोर्टाच्या आवारातल्या नळाखाली तोंड धरून उभी होते. तू तोवर निघून गेली होतीस. म्हणून हे लिहिते. तू मला लिहायला सांगितलं नाहीस, माहीत आहे.

२३ नोव्हेंबरला तू सगळं ऐकलंस. गणपतराव फेटा बांधून, कागद छातीशी धरून आले. मोडी वाचणाऱ्या माणसानं ओळी वाचल्या. 'पुढे ठसा मोडिला' म्हटल्यावर न्यायाधीशांनी ते परत वाचायला लावलं. मग मी. सरकारी वकिलांनी विचारलं, "तुम्ही तेव्हा मोजल्या म्हणालात, आता नाही म्हणता. मग खरं काय?"

"मोजल्या नव्हत्या."

"का मोजल्या नाहीत?"

तुला लिहिलं होतं की मामंजींना यादी पाचच्या आत हवी होती. तेही खोटंच होतं. मामंजींनी आठवड्याची मुदत दिली होती. शपथ घेऊन उभी होते, म्हणून खरं बोलले. "साडेसहाच्या सिनेमाची तिकिटं काढली होती."

मागं कुणीतरी हसलं. तू हसली नाहीस. तू पहिल्यांदा माझ्याकडं सरळ बघितलंस. इतक्या वर्षांत मी एवढी कधी घाबरले नव्हते.

आणि परवा निर्दोष. दोन मिनिटांत. सहा वर्षं दोन मिनिटांत संपली. वकिलांनी तुझा हात हातात घेतला. तू पायऱ्या उतरून माझ्यासमोर आलीस. मी काहीतरी बोलायला लागले, तू हात वर केलास.

तू म्हणालीस, "मला काय सांगतीस? मला ठावंच हुतं. मी न्हवत्या घेतल्या हे मला ठावं न्हाय व्हय? अण्णास्नी सांगायचं हुतंस."

अण्णा. तीस वर्षं कुरुंदवाडात टपाल वाटणारे तुझे अण्णासो. मी तुमच्या घरी आले की पोस्टाच्या पिशवीतून शेंगा काढून द्यायचे. ते गेल्या वर्षी गेले, हे मला माहीत होतं. कसे गेले हे तू सांगितलंस. तुझं नाव पेपरात आल्यावर लोक त्यांच्यादेखत मनीऑर्डरीचे पैसे दोन-दोनदा मोजायला लागले. ज्यांच्या दारात तीस वर्षं उभे राहिले, ते लोक. अण्णा मोजून होईपर्यंत उभे राहायचे. शेवटी आजारपणात एकदा त्यांनी तुला जवळ बोलावलं.

"आनी मला म्हनले, दीक्षा, खरं सांग, तू घेतल्या न्हाईस न्हवं? माझ्या बापानं मला इचारलं, संयू."

ही 'संयू' तुझ्या तोंडून चुकून गेली असणार.

मग तू म्हणालीस की तुला नाशिकला नोकरी मिळालीय, पुढच्या आठवड्यात जाणार. "तुला काय करायचंच असलं तर आमच्या गल्लीत जा. आईम्होरं, सगळ्यांम्होरं सांग. मी नसनार तितं. मला बघायचं न्हाय."

मी जाईन. मला नोटीस आली आहे, खोट्या साक्षीबद्दल कारवाई का करू नये म्हणून. कॉलेजनं रजेवर पाठवलंय. आता जायला वेळच वेळ आहे, पण पाय उचलत नाही. कोर्ट परवडलं. तुझ्या आईच्या, सरुमावशींच्या, समोर उभी राहून कुठून सुरुवात करू?

संयोगिता


कुरुंदवाड एसटी स्टँड
१३ जानेवारी २००२

दीक्षा,

नाशिकचा पत्ता वकिलांनी दिला. जाऊन आले. झालं तसं सांगते.

तीन रविवार स्टँडवरून परत फिरले होते. आज उतरले. गल्लीच्या तोंडाशी विहाराचा कट्टा आहे, तिथं सकाळचं ऊन खात माणसं बसली होती. पाच-सात बायका नळावर. मी सरुमावशींचं घर विचारलं. एकजण म्हणाला, "कोण पावणं तुमी?"

मी नाव सांगितलं. नळावरच्या बायकांनी हंडे खाली ठेवले.

मावशी स्वतःच दारात आल्या. खूप वाळल्यात ग. पदर कानामागं सारून उभ्या राहिल्या. मला वाटलं होतं आत बोलावतील, आत बसून सांगता येईल. त्या उंबऱ्याबाहेर आल्या आणि कट्ट्याजवळ येऊन थांबल्या.

"बोल," म्हणाल्या.

मी सांगितलं. आवाज मलाच ऐकू येत नव्हता.

"मोठ्यानं. मला ऐकू येत न्हाई."

परत सांगितलं. की मी मोजल्या नव्हत्या. की मी कोर्टात खोटं बोलले. कट्ट्यावरची माणसं उठून जवळ आली. समोरच्या घरातून दोघंतिघं बाहेर आले.

"आजून मोठ्यानं."

तिसऱ्यांदा मी ओरडलेच. "दीक्षानं काही घेतलं नव्हतं. एक चवलीसुद्धा नाही. जगात ऐंशीच चवल्या होत्या. मी खोटं बोलले. अण्णांची पोर चोर नव्हती. मी खोटं बोलले." पुढचं काही आठवत नाही. मी कट्ट्याला धरून उभी होते आणि रडत नव्हते, एवढं आठवतं. एक म्हातारे गृहस्थ डोक्यावरची टोपी काढून, खाली मान घालून उभे होते. अण्णांच्या हातून मनीऑर्डर घेणाऱ्यांपैकी असतील. मी विचारलं नाही.

मावशी माझ्या अगदी जवळ आल्या. हळू आवाजात, फक्त मला ऐकू यावं अशा, म्हणाल्या, "मला पैल्यांदाच ऐकू आलंतं. गल्लीला ऐकू जाऊ दे म्हनून म्हटलं."

मग मोठ्यानं म्हणाल्या, "जा आता. साडेअकराची येष्टी हाय."

त्या आत गेल्या. दार उघडंच होतं, पण मला ये म्हणालं नाही कुणी आणि मीही गेले नाही.

स्टँडवर आले तेव्हा साडेअकराची गाडी निघून गेली होती. पुढची दीडला. बाकावर बसून हे लिहिते आहे. गल्लीतल्या दोन बायका बाजाराला जाताना समोरून गेल्या. एकीनं दुसरीला सांगितलं, "हीच ती." दुसरीनं वळून बघितलं. मी मान खाली घातली नाही.

उत्तर लिहू नकोस. नोकरी सांभाळ.

संयोगिता